‘पंपाला किती?’ : शेतकऱ्यांना सोबत घेऊन शेतीचं सॉफ्टवेअर करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बाणेरला चार जणांची टीम आहे. जुन्नर, आंबेगाव, पुरंदर, इंदापूर असं फिरून शेतकऱ्यांकडून फॉर्म भरून घेतले, मग आठ महिने खपून शेती व्यवस्थापनाचं ॲप तयार केलं. दाखवलं तेव्हा सगळे ‘चांगलं आहे’ म्हणाले. हातात दिल्यावर मात्र पंधरा दिवसांत नोंदी थांबल्या. आता शेतकऱ्यांचं मत नेमकं घ्यायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

मी चौदा वर्षं हेच काम करतोय आणि त्यातली सुरुवातीची वर्षं मीही फॉर्म भरून घेण्यातच घालवली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या ‘चांगलं आहे’बद्दल. पुण्याहून दोन तास गाडी चालवत कुणी आलंय, ओट्यावर बसलंय, चहा झालाय. अशा माणसाच्या तोंडावर त्याच्या कामाला कुणी नावं ठेवत नाही. ‘चांगलंय की’ म्हणजे बऱ्याचदा, आता आवरा, जनावरांना वैरण टाकायचीय. शिवाय गावात फॉर्म घेऊन येणारी बहुतेक माणसं कुठल्या तरी योजनेची असतात. तुमच्या यादीत नाव लागलं तर उद्या ठिबकचं किंवा शेडनेटचं अनुदान मिळेल, असं त्यांना वाटलं तर त्यात त्यांची काही चूक नाही. पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा की यामागे योजना नाही, अनुदान नाही. काही जण उठून जातील. जे थांबतील त्यांच्याशी पुढचं बोला.

आणि ‘ॲपमध्ये काय हवं?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर सगळीकडे एकच येतं: बाजारभाव आणि हवामान. माणूस खोटं बोलत नाही, पण तुमचा प्रश्नच हवेत असल्यामुळे उत्तरही हवेतलं येतं. त्याऐवजी म्हणा, ‘दादा, तुम्ही हिशेब कशात लिहिता ते जरा दाखवता का?’ मग दिसू लागतं. शाळेची अर्धी कोरी वही, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे आणि बायांच्या रोजाचे आकडे, तारेला टोचलेल्या अडत्याच्या विक्रीच्या पट्ट्या, कृषी सेवा केंद्राची उधारीची बिलं, मोबाइलमध्ये औषधाच्या बाटल्यांचे फोटो. कुणी स्वतःलाच व्हॉट्सॲपवर आवाजात निरोप पाठवून ठेवलेला असतो: ‘आज खालच्या वावरात दोन बॅरल मारलं.’ शेतकरी नोंदी ठेवत नाहीत असं शहरात बोललं जातं, ते मला कधीच पटलेलं नाही. नोंदी असतात, फक्त त्या चार ठिकाणी, चार हातांनी, आपापल्या मापात ठेवलेल्या असतात. तुमचं डिझाइन त्या वहीत आधीच आखलेलं आहे.

नारायणगावच्या बाजूला एका टोमॅटो उत्पादकाची वही मी दोन तास बघत बसलो होतो. पुढच्या पानांवर मजुरी, मागून उलटी धरली की उसनवारी. फवारणी त्यात कुठेच नव्हती. विचारल्यावर मुलगा मला पंप ठेवायच्या खोपीत घेऊन गेला. तिथे पत्र्याला लटकवलेली दुसरी डायरी होती आणि त्यात तारखा नव्हत्या. लागवडीपासूनचे दिवस होते: १८, २३, २९. आमच्या ॲपमध्ये फवारणीच्या नोंदीला पहिला रकाना तारखेचा होता, दुसरा एकरी मात्रेचा. त्या घरात हे दोन्ही आकडे कुणीच वापरत नव्हतं.

इथे थोडं थांबतो, कारण मापांचा घोळ समजला की बरंचसं काम झालं.

क्षेत्रापासून सुरू करा. बोलण्यात एकर आणि गुंठे, सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर. ४० गुंठ्यांचा एकर. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे असले तरी एक नाहीत: आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा साधारण १०१.१७. त्यामुळे दोन एकर जमीन उताऱ्यावर ०.८१ दिसते आणि ॲपने ती उलटी फिरवून ‘२.००१६ एकर’ दाखवली की माणसाचा विश्वास तिथेच उडतो. प्रत्यक्ष पिकाचं माप तर तिसरंच असतं. ‘किती लावलंय?’ म्हटलं की उत्तर येतं, ‘सहा हजार रोपं’ किंवा ‘दोन वॉल्व’. ठिबकचा एक वॉल्व जेवढं भिजवतो, तेवढा त्याच्या डोक्यातला प्लॉट. त्याला नावही असतं: विहिरीकडचं, माळाचं, आंब्याखालचं. आम्ही सुरुवातीला गट क्रमांक हीच प्लॉटची ओळख धरली होती. एका गटात चार भावांची नावं, वहिवाट वेगळी, पोटहिस्से मोजलेले नाहीत, त्यात एकाने वाट्याने दिलेलं. सगळी रचना पुन्हा करावी लागली. गट क्रमांक हवा असेल तर तो कोपऱ्यात ठेवा, पीकविम्याला किंवा ई-पीक पाहणीला लागेल तेव्हा लागेल. प्लॉटची ओळख म्हणजे घरात ज्या नावाने त्याला हाक मारतात ते नाव.

आता औषध. बाटलीवरची मात्रा बहुधा हेक्टरी असते. कृषी सहायक एकरी सांगतो. दुकानदार सांगतो ‘पंपाला एवढं’. शेतकरी विचारतोही तेच: ‘पंपाला किती?’ समजा लेबलवर हेक्टरी २५० मिली औषध ५०० लिटर पाण्यातून असं आहे. म्हणजे लिटरला अर्धा मिली, १६ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला ८ मिली, २०० लिटरच्या बॅरलला १०० मिली. हेक्टरी ५०० लिटर म्हणजे एकरी साधारण एक बॅरल. पण पीक छातीला आलं की त्याच एकराला दोन बॅरल लागतात आणि पंपाचा आकडा तसाच राहिला तर एकरी औषध दुप्पट झालेलं असतं. हे कळायला दोनच गोष्टी विचाराव्या लागतात: पंपाला किती घेतलं आणि पंप किती झाले. एकरी आणि हेक्टरी हिशेब ॲपने मागे करायचा आणि मात्रा लेबलाबाहेर गेली तर तिथल्या तिथे सांगायचं. आम्ही स्क्रीनवर पंप, बॅरल आणि ट्रॅक्टरचा ब्लोअर अशी तीन चित्रं ठेवली. फवारणीच्या नोंदी त्यानंतर सुरू झाल्या.

खतांची नावंही बोलतात तशीच हवीत: ‘बारा एकसष्ट’, ‘झिरो बावन्न चौतीस’, ‘एकोणीस एकोणीस’. आणि गोणी म्हटल्यावर सरसकट ५० किलो धरू नका. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे, डीएपीची ५० किलोची.

विक्रीत तर प्रत्येक मालाचं माप निराळं. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फळभाज्यांचा भाव दहा किलोला बोलतात, कोथिंबीर-मेथीचा शेकडा जुड्यांना. नारायणगावात टोमॅटो क्रेटवर. या सगळ्याला किलोत कोंबायचा मोह तुमच्या डेटाबेसवाल्याला होईल, कारण आलेख सुबक येतो. मोह टाळा. ज्या मापात विकलं त्याच मापात ठेवा, रूपांतर वेगळ्या रकान्यात करा. पट्टीवरचे सगळे आकडे मागू नका. नग किती, भाव काय, हातात किती आले, एवढे तीन पुरे. बाकी हमाली, तोलाई, गाडीभाडं पट्टीच्या फोटोत असतंच. दोन हंगामांच्या पट्ट्या जमल्या की ‘गेल्या वर्षी याच आठवड्यात तुम्हाला काय मिळालं होतं’ हे तुम्ही दाखवू शकता. ‘बाजारभाव हवा’ म्हणणाऱ्या माणसाला देण्यासारखं खरं उत्तर तेवढंच आहे, कारण उद्याचा भाव सांगण्याचं वचन तुम्ही पाळू शकणार नाही.

काळाचं मापही असंच. खरीप, रब्बी, उन्हाळी असे तीन कप्पे केलेत तर इंदापूर-बारामतीचा ऊस त्यात बसत नाही. आडसाली लागण जुलै-ऑगस्टला होते, तोड येते सोळा-अठरा महिन्यांनी, मग बिल हप्त्याहप्त्याने. तोवर त्याच खोडाचा खोडवा सुरू झालेला असतो, कधी त्यानंतरचा निडवाही. म्हणून पिकाचा खर्च आर्थिक वर्षाला बांधू नका. लागणीपासून शेवटचा पैसा हाती येईपर्यंत त्या पिकाचं एकच खातं चालू द्या. द्राक्षात दिवस छाटणीपासून मोजतात, एप्रिलच्या खरड छाटणीपासून वेगळे आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून वेगळे. डाळिंबात बहार धरल्यापासून. पावसाचं बोलणं मृग आणि आर्द्रा नक्षत्राने होतं. तारीख आत ठेवा, पण वर मोठ्या अक्षरात ‘छाटणीनंतर ४५वा दिवस’ असंच दिसू द्या.

द्राक्षावर काम करणार असाल तर नोंद लगेच उपयोगी पडते अशी एक जागा तिथे आहे. निर्यातीच्या बागेला फवारणीची नोंदवही ठेवावीच लागते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत औषध, मात्रा आणि काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची हे दिलेलं असतं. फवारणी टिपताक्षणी ‘या प्लॉटची काढणी अमुक तारखेआधी नको’ असं ॲपने सांगितलं, तर नोंद करणाऱ्याला त्याच मिनिटाला काहीतरी परत मिळतं. तुमच्या ॲपच्या नोंदी का थांबल्या असतील, याचा माझा अंदाज इथे आहे. तुम्ही आज माहिती मागता आणि वर्षाच्या शेवटी अहवाल देता. दिवसभर वाकून काम केलेला माणूस रात्री नऊ वाजता दुसऱ्या कुणाच्या अहवालासाठी आकडे भरत बसणार नाही.

मजुरीबद्दल बोलायचं तर आधी घरात कुणाशी बोलता ते बघावं लागेल. हे मी उशिरा शिकलो आणि त्याची खंत अजून आहे.

पुरंदरमध्ये अंजीर आणि सीताफळाच्या एका घरी आम्ही तीनदा गेलो होतो. प्रत्येक वेळी बोलले ते घरधनी. तिसऱ्या वेळी मजुरीचा आकडा सांगताना ते अडले, तेव्हा आतून वहिनींचा आवाज आला: ‘मंगळवारी सहाच बाया होत्या. दोघी दुपारून आल्या, त्यांचा निम्मा रोज. आणि धाकटीला दोनशे उचल दिलीय, ती धरा.’ मजुरांचा सगळा हिशेब त्यांच्याकडे होता, बराचसा तोंडपाठ, थोडा कॅलेंडरवर. फोन मात्र त्यांच्या हातात नव्हता, तो घरधन्यांच्या खिशात. आम्ही इतके दिवस चुकीच्या माणसाला चुकीचे प्रश्न विचारत होतो.

पुढे आठवडाभर आमची एक सहकारी त्यांच्याबरोबर खुरपणीला आणि तोडणीला जात राहिली. त्यातून बऱ्याच गोष्टी कळल्या. पगार आठवड्याने होतो, पण आठवडा संपतो गावच्या बाजाराच्या दिवशी, कुठे मंगळवार, कुठे शनिवार. आमचा अहवाल रविवारी रात्री संपत होता, म्हणजे कुणाच्याच कामाचा नव्हता. रोजाशिवाय उक्तं काम असतं: एवढा प्लॉट, एवढे पैसे. उचल असते, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, ती पुढच्या हजेरीतून वळती होते. आणि सावड असते. आज आमच्या चौघी तुमच्याकडे, परवा तुमच्या चौघी आमच्याकडे. यात पैसा हलत नाही, पण देणं उभं राहतं, आणि ते विसरलेलं नात्यात चालत नाही. ‘मजुरी, रुपये’ असा एकच रकाना करणाऱ्या ॲपला ही सावड दिसतच नाही. आम्ही हजेरीचा स्क्रीन नव्याने केला: बायांची हाकेची नावं, नावावर एकदा बोट ठेवलं की पूर्ण दिवस, दोनदा ठेवलं की अर्धा, बाजाराच्या दिवशी प्रत्येकीचं उचल वजा जाऊन येणं. सावडीची खूण वेगळी. वहिनींनी दोन गोष्टी काढायला लावल्या, फोटो आणि फोन नंबर. ‘बायांचे फोटो कशाला पाहिजेत तुम्हाला?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. काढले.

‘शेतकऱ्यांचं मत घेणं’ म्हणजे माझ्या दृष्टीने हे काढायला लावणं. नुसतं ऐकून घेऊन शेवटी ठरवणार तुम्हीच असाल, तर चार बैठकांत लोकांना ते कळतं आणि मग ते पुन्हा ‘चांगलंय की’वर येतात. आठ घरांचा एक गट करा आणि त्याला नकाराधिकार द्या: हा स्क्रीन नको म्हटलं की तो जाणार. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला, मागच्या वेळी कुणाच्या म्हणण्यावरून काय बदललं ते नाव घेऊन सांगा. आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. अर्धा दिवस तुमच्याजवळ बसणाऱ्याचा अर्धा दिवस मोडतो. गावात चालू असलेला रोज तरी त्याला मिळायलाच हवा. मी यावर हटून बसतो, कारण डिझायनरचा तास आपण बिलात धरतो आणि ज्याच्या डोक्यातलं ज्ञान उचलतो त्याला चहावर भागवतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

घरं निवडताना नारायणगाव किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राकडून ओळखी जरूर घ्या, तिथली माणसं मदत करतात. पण त्यांनी सुचवलेली सगळीच नावं घेऊ नका. पुरस्कार मिळालेल्या प्रगतशील शेतकऱ्याकडे सगळेच जातात आणि त्याला आता मुलाखत द्यायची सवय झालेली असते. एक घर दुसऱ्याची जमीन खंडाने करणारं घ्या, एक असं की जिथे शेती सांभाळणारी बाई एकटी आहे, एक असा माणूस की जो स्मार्टफोन नको म्हणतो. त्याचं ‘नको’ मला सगळ्यात जास्त शिकवून गेलंय. आठ घरं पूर्ण हंगामभर बघितलीत तर दोनशे फॉर्मपेक्षा जास्त कळेल. आणि चारही तालुके एकदम धरू नका. पुरंदरच्या अंजिराचं, जुन्नरच्या टोमॅटोचं आणि इंदापूरच्या उसाचं एकच ॲप करायला गेलात की ते तिघांनाही परकं वाटतं. एक पीक, दोन गावं, एवढ्यावर सुरू करा.

कोड लिहिण्याआधी महिनाभर कागद वापरा. तुमच्या मनातले रकाने छापून चाळीस पानांची वही शिवून घ्या आणि त्या आठ घरांत द्या. महिन्याने परत बघा. जे रकाने कोरे राहिले ते ॲपमध्ये नकोत. समासात जे लिहिलंय त्यासाठी रकाना हवा. आमच्या अशा एका वहीच्या समासात सगळीकडे ‘लाईट नव्हती’ असं होतं. पाणी किती तास दिलं हे विचारणाऱ्या आम्हाला, ते का देता आलं नाही याची जागा ठेवायचं सुचलंच नव्हतं.

तंत्राबद्दल थोडकंच, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. सगळं रेंजशिवाय चाललं पाहिजे. भर उन्हात, ओल्या हाताने, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या फोनवर दिसलं आणि दाबता आलं पाहिजे. आवाजातली नोंद आवाजातच ठेवा, तिचं अक्षरांत रूपांतर नंतर आणि खात्री करून. रचना शून्यातून उभी करण्याआधी ‘फार्मओएस’ हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर उघडून बघा. त्याचा पाया दोनच गोष्टींवर आहे: शेतावर असलेली वस्तू (जमीन, पीक, जनावर, अवजार) आणि तिच्याबाबत घडलेल्या घटनेची नोंद. आपल्या वह्यांशी ही मांडणी चांगली जुळते. उचल आणि सावड मात्र तुम्हालाच घालावी लागेल.

राहिला माहितीच्या मालकीचा प्रश्न, जो शेतकरी तुमच्यासमोर कधीच काढत नाही आणि तुम्ही गेल्यावर घरात तेवढाच बोलला जातो. उधारी कुणाला दिसेल? भाऊबंदांना कळेल का? आपल्याला किती पिकलं हे व्यापाऱ्याला आधीच समजलं तर? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे संमती घ्यावी लागेल, पण संमतीचं बटण दाबून घेतलं म्हणजे ही भीती जात नाही. आम्ही तीन गोष्टी करतो. उधारी-उसनवारीचं पान वेगळ्या कुलपात आणि फक्त त्याच फोनवर. ते आमच्याकडे येतच नाही. वर्षाची पूर्ण वही छापून घरपोच, ॲप सोडलं तरी ती त्यांची. आणि पैसा कुठून येतो ते पहिल्या दिवशी उघड. उद्या एखादी औषध कंपनी तुमचा खर्च उचलणार असेल, तर शेतकऱ्याला ते तुमच्याच तोंडून कळू द्या. दुसरीकडून कळलं तर त्या गावात पुन्हा पाय ठेवता येत नाही.

आता लगेच काय करायचं, तर ज्या घरांनी ॲप बंद केलंय त्यातली चार निवडा. ॲपचं नाव काढू नका, नुसतं ‘वही बघायला येतो’ म्हणा. माल बाजारात जायचा दिवस टाळा, गावच्या आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी जा, तेव्हा मजुरीचा हिशेब चाललेला असतो आणि घरातली सगळी माणसं भोवती असतात. निघण्याआधी फोन करून विचारा, या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची आहे की रात्रीची. रात्रीची असेल तर पाण्याची मोटार चालू करायला त्यांना रात्री उठावं लागतं; तुम्ही आठच्या आत तिथून निघा.